डिस्क निम्मी रिकामी, तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' : सेमाफोर आणि शेअर्ड मेमरीची कर्नेल सेटिंग

पहारेकरी

मंडळी, जरा मदत हवी आहे.

एका लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस ९.६ या डेटाबेसचा एक क्लस्टर, म्हणजे स्वतंत्र चालणारा एक डेटाबेस सर्व्हर, बरीच वर्षं निमूटपणे चालू आहे. (इतकी जुनी आवृत्ती का, ते विचारू नका. वरचं ॲप्लिकेशन ज्यांचं आहे ते पुढच्या आवृत्तीला हात लावू देत नाहीत.) आता त्याच मशीनवर दुसरा क्लस्टर उभा करायचा आहे. सेटिंग पहिल्याचीच, फक्त पोर्ट आणि डेटा डिरेक्टरी वेगळी. स्टार्ट केला की दोन सेकंदांत मान टाकतो. लॉगमध्ये हे:

फेटल: कुड नॉट क्रिएट सेमाफोर्स: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस

डिस्क पाहिली, निम्मीसुद्धा भरलेली नाही. आयनोडही भरपूर शिल्लक. रॅम ६४ जीबी, त्यातली बरीचशी मोकळी. कर्नेल ५ च्या मालिकेतला. सहकाऱ्याचं म्हणणं, "शम-मॅक्स वाढव, सगळ्या रॅमएवढा करून टाक, सुटेल." नेटवर शोधलं तर दहा ठिकाणी दहा आकडे आहेत आणि एकही जण सांगत नाही की ते कुठून आले. प्रॉडक्शन मशीन आहे, त्यामुळे कुठलेही आकडे डोळे झाकून टाकायची हिंमत होत नाही.

---

नीरक्षीर

शम-मॅक्सला (शेअर्ड मेमरीच्या एका सेगमेंटची कमाल मर्यादा) हात लावू नका. तुमची एरर सेमाफोरची (प्रोसेसना थांबवण्या-उठवण्यासाठी कर्नेल सांभाळतो ते आकडे) आहे, शेअर्ड मेमरीची (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी) नाही.

लॉगमध्ये त्या ओळीच्या खालीच 'हिंट' म्हणून एक परिच्छेद असेल, तो वाचा. डिस्क भरल्याचा या एररशी संबंध नाही, असं पोस्टग्रेसवाल्यांनी तिथे स्वच्छ लिहिलं आहे. कर्नेलकडे एरर नंबर मोजकेच. सेमाफोरचा कोटा संपला तरी तो २८ नंबरच परत देतो आणि २८ चा छापील मजकूर म्हणजे 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. त्यामुळे लोक डिस्क साफ करत बसतात.

तीन गोष्टी इथे टाका: आयपीसीएस -एल -एस, आयपीसीएस -यू -एस आणि सिसकंट्रोल कर्नेल.सेम (सेमाफोरच्या मर्यादा आणि वापर दाखवणाऱ्या कमांड) यांचं आउटपुट. शिवाय दोन्ही क्लस्टरचं मॅक्स-कनेक्शन्स.

---

पहारेकरी

घ्या. पहिला क्लस्टर चालू असताना, दुसरा आपटल्यानंतर लगेच काढलेलं:

मर्यादा (-एल):
मॅक्स नंबर ऑफ ॲरेज = १२८
मॅक्स सेमाफोर्स पर ॲरे = २५०
मॅक्स सेमाफोर्स सिस्टिम वाइड = ३२०००
मॅक्स ऑप्स पर सेमऑप कॉल = १००
सेमाफोर मॅक्स व्हॅल्यू = ३२७६७

सध्याचा वापर (-यू):
यूज्ड ॲरेज = ६६
अलोकेटेड सेमाफोर्स = १०९०

कर्नेल.सेम = २५० ३२००० १०० १२८

मॅक्स-कनेक्शन्स दोन्हीकडे १०००. ऑटोव्हॅक्यूम वर्कर ३ आणि वर्कर प्रोसेस ८, म्हणजे डिफॉल्टच.

३२००० पैकी १०९० वापरात आहेत. मग कमी काय पडतंय?

---

नीरक्षीर

सेमाफोर नाही, संच कमी पडताहेत. ही दोन वेगळी मोजमापं आहेत.

पोस्टग्रेस ९.६ प्रत्येक संभाव्य प्रोसेससाठी एक सेमाफोर घेतो, आणि घेतो तो १६-१६ च्या संचांत. ९.६ च्या दस्तऐवजातलं सूत्र असं: मॅक्स-कनेक्शन्स, ऑटोव्हॅक्यूम वर्कर आणि वर्कर प्रोसेस यांची बेरीज, अधिक ५, भागिले १६, आणि उत्तर वरच्या पूर्णांकात.

तुमच्याकडे १००० + ३ + ८ + ५ = १०१६. भागिले १६ म्हणजे ६३.५, म्हणून ६४ संच. प्रत्येक संचात प्रत्यक्षात १७ सेमाफोर असतात, तेव्हा ६४ × १७ = १०८८.

तुमच्या आउटपुटमध्ये ६६ संच आणि १०९० सेमाफोर दिसताहेत. म्हणजे पहिल्या क्लस्टरचे ६४ संच, आणि एकेका सेमाफोरचे दोन संच दुसऱ्याच कुणाचे. नव्या क्लस्टरला आणखी ६४ हवेत. ६६ + ६४ = १३०, आणि मर्यादा १२८. दोन संचांसाठी गाडी अडली आहे.

आणखी एक. आयपीसीएस जो क्रम दाखवतो तो कर्नेल.सेमचा क्रम नाही. आयपीसीएसमध्ये संचांची संख्या सगळ्यात वर येते, कर्नेल.सेममध्ये ती शेवटी असते. कर्नेल.सेमचे चार आकडे ओळीने असे: एका संचात जास्तीत जास्त किती (सेम-एमएसएल), साऱ्या सिस्टिमभर मिळून किती (सेम-एमएनएस), एका कॉलमध्ये किती ऑपरेशन (सेम-ओपीएम) आणि संच किती (सेम-एमएनआय). तुम्हाला वाढवायचा आहे तो शेवटचा. वरून खाली वाचून पहिला आकडा वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. मग म्हणतात, वाढवलं तरी फरक नाही.

---

नवशिक्या_०७

मध्येच विचारतो, रागावू नका. सोळाच्या संचात सतरा कसे? आणि मुळात संच कशाला, एकेक सेमाफोर घ्यायला काय हरकत आहे?

---

जुनंखोड

@नवशिक्या, यात रागावण्यासारखं काही नाही, प्रश्न चांगला आहे.

सेमाफोर म्हणजे कर्नेलने सांभाळलेला एक आकडा. एखाद्या प्रोसेसला थांबायचं असेल तर ती त्यातून वजाबाकी करते; आकडा शून्याखाली जाणार असेल तर कर्नेल तिला झोपवतो, आणि दुसऱ्या कुणी बेरीज केली की उठवतो. सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या काळात हे संचात द्यायचं ठरलं, कारण एकाच कॉलमध्ये अनेक सेमाफोरवर 'सगळं किंवा काहीच नाही' अशी क्रिया करता यावी. तिसरा आकडा, सेम-ओपीएम, त्याचाच: एका कॉलमध्ये अशा किती क्रिया चालतील. बहुतेक प्रोग्रॅम ही सोय कधी वापरतच नाहीत, पण संच मात्र सगळ्यांच्या गळ्यात पडले.

सतरावा ओळख पटवण्यासाठी. त्यात पोस्टग्रेस ५३७ हा ठरावीक आकडा लिहून ठेवतो. क्लस्टर क्रॅश होऊन परत उठला की आधीचे संच आपलेच आहेत का हे त्यावरून ओळखतो, आणि ते करणारी प्रोसेस जिवंत नसेल तर मोडून टाकतो. आयपीसीएस -एस -आय आणि पुढे संचाचा आयडी दिला की एकेक सेमाफोर ओळीने दिसतो. शेवटच्या ओळीत ५३७ असेल तर तो संच पोस्टग्रेसचा.

@पहारेकरी, ते दोन उपरे संच कुणाचे ते याच कमांडने बघा. उजवीकडच्या पीआयडीच्या रकान्यात त्या सेमाफोरला शेवटचा हात कोणी लावला ते कळतं. ती प्रोसेस चालू आहे का ते पीएसने तपासा. पैज लावतो, वेब सर्व्हरचे असणार.

---

पहारेकरी

पैज जिंकलात! दोन्ही संच अपाचीच्या यूझरच्या नावावर आहेत. पीआयडी दिसतात, पण त्या नंबरच्या प्रोसेस अस्तित्वात नाहीत. अपाचीच आता या मशीनवर चालू नाही.

---

जुनंखोड

अपेक्षितच. सिस्टिम फाइव्हचे सेमाफोर प्रोसेसबरोबर मरत नाहीत. कुणीतरी मुद्दाम काढेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत ते तिथेच. अपाचीला किल -९ ने मारलं की त्याला मागचं आवरायला वेळच मिळत नाही. काही मशीनवर अशी भुतं साठत साठत कोटा भरतो, आणि मग अपाची स्वतःच याच 'नो स्पेस'ने उठायचं नाकारतो.

आयपीसीआरएम -एस आणि आयडी दिला की संच जातो. पण प्रोसेस खरंच मेली आहे ना, हे पाहूनच. जिवंत प्रोसेसच्या पायाखालून संच काढला तर ती त्यावर झोपलेली असल्यास 'ओळखचिन्ह नाहीसं झालं', नाहीतर पुढच्या कॉलला 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' अशी एरर मिळते आणि ती बहुधा तिथेच कोसळते.

---

नवशिक्या_०७

म्हणजे ते दोन काढले की ६४ + ६४ = १२८, बरोबर मर्यादेत. सुटलं की!

---

नीरक्षीर

सुरू होईल, पण संच एकही शिल्लक राहणार नाही. उद्या कुणी मॅक्स-कनेक्शन्स १० ने वाढवलं तर १०२६ भागिले १६ म्हणजे ६५ संच, आणि रीस्टार्टला चालू असलेला क्लस्टरही उठणार नाही. ही मर्यादा फक्त नवा संच मागताना तपासली जाते, त्यामुळे अशी चूक महिनोन्महिने झाकलेली राहते आणि नेमकी रीस्टार्टच्या वेळी वर येते.

अवांतर: एका मशीनवर दोन हजार कनेक्शन खरंच लागतात का? मध्ये पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवला तर शंभर-दोनशेत काम भागेल आणि हा सगळा प्रश्नच उरणार नाही. पण ॲप्लिकेशनवाले तेही करू देत नसतील, असं वाटतं.

---

पहारेकरी

नाही देत. ते दोन संच काढले, पण मर्यादा वाढवूनच पुढे जाईन म्हणतो. किती करू? रीबूट लागेल का?

---

चिकित्सक

किती करू हे विचारण्याआधी, हे १२८ आले कुठून ते शोधा. मला पहिल्या पोस्टपासून हेच खटकतंय.

लिनक्स ३.१९ पासून कर्नेल.सेमचं डिफॉल्ट ३२००० १०२४०००००० ५०० ३२००० आहे. त्याआधी ते २५० ३२००० ३२ १२८ होतं. तुमचा कर्नेल ५ च्या मालिकेतला. म्हणजे डिफॉल्टने ३२००० संच मिळायला हवेत आणि तुमच्याकडे आहेत १२८. शिवाय तिसरा आकडा १००, जो ना जुन्या डिफॉल्टमध्ये आहे ना नव्या. २५० ३२००० १०० १२८ ही चौकडी ओरॅकलच्या इन्स्टॉलेशन गाइडमधली आहे. या मशीनवर कधीकाळी ओरॅकल होतं का? किंवा ही सेटिंग दुसऱ्या मशीनवरून उचलली गेली आहे का?

ईटीसीमधली सिसकंट्रोल.कॉन्फ फाइल, सिसकंट्रोल.डी फोल्डर आणि यूएसआर-लिबमधलं त्याच नावाचं फोल्डर, या तिन्ही ठिकाणी 'कर्नेल.सेम' ग्रेप करा, म्हणजे शोधा.

---

पहारेकरी

सापडलं. सिसकंट्रोल.डीमध्ये ९७ ने सुरू होणारी एक फाइल आहे, मी इथे येण्याच्या कितीतरी आधीची. त्यात हे:

कर्नेल.शम-ऑल = २०९७१५२
कर्नेल.शम-मॅक्स = ८५८९९३४५९२
कर्नेल.शम-एमएनआय = ४०९६
कर्नेल.सेम = २५० ३२००० १०० १२८

ओरॅकल आता या मशीनवर नाही. आणि काल मी नीरक्षीर यांच्या सांगण्यावरून शेवटचा आकडा ५१२ करून ३० ने सुरू होणारी नवी फाइल ठेवली होती. सिसकंट्रोल --सिस्टिम चालवलं तरी १२८ च दिसत होतं, ते कोडं आता उलगडलं.

---

चिकित्सक

हो, फाइल नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची जिंकते. तुमची ३० वाली आधी लागू झाली, मग ९७ वालीने ती पुसली. जाता जाता: सिसकंट्रोल -पी नुसतं दिलं तर फक्त ईटीसीमधली सिसकंट्रोल.कॉन्फ वाचली जाते, सिसकंट्रोल.डीकडे ते बघतही नाही. त्यामुळे -पी देऊन 'लागू झालं' असं समाधान मानायचं आणि रीबूटनंतर वेगळेच आकडे बघायचे, हा प्रकार नेहमीचा.

हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहितो. जुन्या गाइडमधल्या ज्या ओळी एकेकाळी मर्यादा वाढवायला टाकल्या जायच्या, त्याच ओळी आजच्या कर्नेलवर मर्यादा कमी करतात. वरच्या फाइलमधल्या शेअर्ड मेमरीच्या ओळी बघा. लिनक्स ३.१६ पासून शम-मॅक्सचं डिफॉल्ट आहे १८४४६७४४०७३६९२७७४३९९ बाइट, म्हणजे व्यवहारात अमर्याद. शम-ऑलचंही (सगळ्या सेगमेंटची मिळून मर्यादा) तेच, फक्त पानांत, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत. त्याआधी शम-मॅक्स होता ३२ एमबी. तेव्हा ८ जीबी लिहिणं म्हणजे वाढ होती. आज तेच ८ जीबी लिहिणं म्हणजे ६४ जीबीच्या मशीनला कुंपण घालणं.

तो विचित्र आकडा म्हणजे ६४ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून दोनचा २४ वा घात वजा केलेला. अगदी टोकाचा आकडा मुद्दाम ठेवला नाही. 'आहे ती मर्यादा वाच, त्यात काहीतरी मिळव, परत लिही' असं करणारे प्रोग्रॅम आहेत, त्यांची बेरीज उलटून शून्याजवळ जाऊ नये म्हणून थोडी जागा सोडली आहे. कर्नेलच्या हेडर फाइलमध्ये तशी टीपच आहे. तरी बॅशमध्ये तुलना करणाऱ्या तपासणी स्क्रिप्ट त्यावर अडखळतातच, कारण बॅशचे पूर्णांक चिन्हासकट ६४ बिटांचे. 'शम-मॅक्स कमी आहे' अशी तक्रार कुठली स्क्रिप्ट करत असेल, तर कर्नेल बदलण्याआधी ती स्क्रिप्ट वाचा.

---

डीबीए_आजोबा

@चिकित्सक, मुद्दा मान्य, पण गाइडला सरसकट नावं ठेवू नका. आमच्या गाइडमध्ये त्याच तक्त्याखाली लिहिलेलं असतं की तुमच्याकडचा आकडा तक्त्यापेक्षा मोठा असेल तर बदलू नका. ते किमान आकडे आहेत. लोक तक्ता कॉपी करतात आणि खालची ओळ सोडतात, त्याला गाइड काय करणार?

आणि ओरॅकल चालू असलेल्या मशीनवर 'सगळं काढून डिफॉल्टवर सोडा' हे मला पटत नाही. सपोर्टला फोन केला की पहिला प्रश्न असतो, पॅरामीटर शिफारशीप्रमाणे आहेत का. फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असलं की तो प्रश्न तिथेच मिटतो. शिवाय कर्नेल बदलला की डिफॉल्ट बदलतं. लिहिलेलं बदलत नाही.

शम-ऑलबद्दल मात्र पहारेकऱ्यांनी सावध राहावं. शम-मॅक्स बाइटमध्ये, शम-ऑल पानांत. २०९७१५२ गुणिले ४०९६ म्हणजे बरोबर ८ जीबी, आणि ही सगळ्या सेगमेंटची मिळून मर्यादा. शम-मॅक्स एका सेगमेंटची. समजा पुढे इथे ४८ जीबीची शेअर्ड मेमरी लागणारं काही आलं आणि फक्त शम-मॅक्स ५१५३९६०७५५२ केला, तरी शम-ऑल १२५८२९१२ पानं होईपर्यंत काही उठणार नाही. ओरॅकलमध्ये तेव्हा ओआरए-२७१०२, आउट ऑफ मेमरी असं येतं आणि खाली पुन्हा तोच २८ नंबर. रॅम ढीगभर मोकळी असताना. नवख्या माणसाला भोवळ येते.

पानाचा आकार गृहीत धरू नका, गेटकॉन्फ पेज-साइझ विचारा. सगळ्याच प्रोसेसरवर ते ४०९६ नसतं.

---

चिकित्सक

सपोर्टचा मुद्दा व्यवहाराचा आहे, त्यावर वाद नाही. पण 'लिहिलेलं बदलत नाही' हाच मला दोष वाटतो. ओरॅकल गेलं, फाइल राहिली, आणि कितीतरी काळाने दुसऱ्याच डेटाबेसची वाट अडवून बसली. लिहायचंच तर वर एक कॉमेंट लिहा: कशासाठी, कोणत्या हिशेबाने.

---

डीबीए_आजोबा

कॉमेंटचं मान्य. बाकी मी माझ्या मशीनवर लिहीतच राहणार.

---

नवशिक्या_०७

मर्यादा वाढवली की तेवढी मेमरी लगेच राखून ठेवली जाते का? आणि पोस्टग्रेसला शम-मॅक्स लागतच नाही हे कसं? मी वाचलं होतं की शेअर्ड-बफर्स वाढवले की शम-मॅक्स वाढवावा लागतो.

---

नीरक्षीर

नाही, काहीच राखून ठेवलं जात नाही. लिनक्सवर हे आकडे म्हणजे फक्त 'यापुढे नाही' असं सांगणारी रेघ. मेमरी लागते ती संच किंवा सेगमेंट प्रत्यक्ष तयार झाल्यावर. त्यामुळे सेम-एमएनआय १२८ वरून ४०९६ करायला बाइटभरही खर्च नाही. फक्त ३२७६८ च्या वर जाता येत नाही. अगदीच हवं असेल तर नव्या कर्नेलमध्ये बूटच्या वेळी द्यायचा एक पर्याय आहे, पण तो लागलेला मी अजून कुठे पाहिलेला नाही.

तुम्ही वाचलंत ते ९.२ पर्यंत खरं होतं. ९.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, पोस्टग्रेस शेअर्ड-बफर्ससाठी (डेटा हाताशी ठेवायची शेअर्ड मेमरी) एमएमॅप ही मेमरी मागायची दुसरी पद्धत वापरतो, ज्याला शम-मॅक्स लागू होत नाही. सिस्टिम फाइव्हचा एक चिमुकला सेगमेंट मात्र अजून घेतो. पहारेकऱ्यांच्या मशीनवर आयपीसीएस -एम मारलं तर ५६ बाइटचा सेगमेंट दिसेल. हो, छप्पन्न बाइट. त्याचा उपयोग डेटा ठेवायला नाहीच. त्याला किती प्रोसेस जोडल्या आहेत हा आकडा कर्नेल ठेवतो, आणि त्यावरून पोस्टग्रेसला कळतं की याच डेटा डिरेक्टरीवर जुन्या क्लस्टरची एखादी प्रोसेस अजून जिवंत आहे का. असेल तर नवा क्लस्टर सुरू होत नाही. म्हणून हा सेगमेंट घाईघाईने आयपीसीआरएमने उडवू नका. डेटा वाचवणारी कडी आहे ती.

आवृत्ती १० पासून लिनक्सवर सेमाफोरही पॉझिक्स या वेगळ्या प्रकारचे झाले, त्यामुळे कर्नेल.सेमचा संबंधही सुटला. म्हणजे पहारेकरी आवृत्ती बदलू शकले असते तर हा धागाच निघाला नसता.

---

पेटीवाला

कंटेनरवाल्यांसाठी थोडं. होस्टवर कर्नेल.सेम कितीही वाढवा, कंटेनरला त्याचा उपयोग नाही. कंटेनरला स्वतःचं आयपीसी नेमस्पेस (सेमाफोर आणि शेअर्ड मेमरीचं वेगळं दालन) असतं आणि त्यात कर्नेलची मूळ डिफॉल्ट येतात, होस्टवर तुम्ही लिहिलेली नव्हे. वेगळं हवं असेल तर डॉकरला --सिसकंट्रोल देऊन कंटेनर सुरू करायचा. कुबरनेटिसमध्ये कर्नेल.शम आणि कर्नेल.सेम 'असुरक्षित' यादीत आहेत, म्हणजे नोडच्या क्यूबलेटला (त्या मशीनवरच्या कुबरनेटिसच्या कारभाऱ्याला) आधी परवानगी द्यावी लागते.

आणि 'कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट … नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' ही एरर कंटेनरमध्ये आली तर ती या धाग्यातली नव्हेच. ती डेव्ह-शमची (मेमरीत राहणारं फाइलींचं फोल्डर). डॉकर तिथे ६४ एमबी देतो आणि पोस्टग्रेसच्या पॅरलल क्वेरी ते सहज भरतात. --शम-साइझ वाढवा. शम-मॅक्सशी तिचा काही संबंध नाही, नावं सारखी असली तरी.

---

डीबीए_आजोबा

मोठी शेअर्ड मेमरी असलेल्यांनी शम-मॅक्सच्या नादात खरा खर्च विसरू नये, तो आहे पेज टेबलचा (मेमरीचं कुठलं पान कुठे आहे याची नोंदवही).

एसजीए (ओरॅकलची शेअर्ड मेमरी) ३२ जीबीचा धरा. ४ केबीची पानं केली तर ८३८८६०८ पानं. प्रत्येक पानाची नोंद ८ बाइटची, म्हणजे सगळी पानं हाताळणाऱ्या एका प्रोसेसमागे ६४ एमबी. मेमरी शेअर्ड असली तरी हे टेबल प्रत्येक प्रोसेसचं स्वतंत्र. ५०० सेशन जोडली गेली की वाईटात वाईट परिस्थितीत ३१ जीबीच्या वर, म्हणजे जवळजवळ आणखी एक एसजीए नुसत्या नोंदींत. प्रॉकमधल्या मेमइन्फोत 'पेज-टेबल्स' ही ओळ बघा, ती जीबीत गेली असेल तर हेच दुखणं. २ एमबीची ह्यूज पेजेस घेतली तर १६३८४ नोंदी, प्रोसेसमागे १२८ केबी. विषय संपला.

व्हीएम.एनआर-ह्यूजपेजेस ठरवताना थोडी जास्त पानं ठेवा, आणि यूझरची मेमलॉक मर्यादा वाढवायला विसरू नका. पण लक्षात घ्या, ही पानं मात्र खरोखर राखून ठेवली जातात. उगाच जास्त दिली तर दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. आणि ओरॅकलचं मेमरी-टार्गेट वापरत असाल तर हे सगळं व्यर्थ, ते डेव्ह-शमवर चालतं आणि ह्यूज पेजेस घेत नाही.

---

जुनंखोड

सोलारिसवर हेच आकडे ईटीसीतल्या सिस्टिम फाइलमध्ये लिहून रीबूट करावं लागायचं. १० व्या आवृत्तीपासून ते प्रोजेक्टच्या रिसोर्स कंट्रोलमध्ये गेलं, तेव्हा जुन्या लोकांनी फार कुरकुर केली होती. फ्रीबीएसडीवर आजही सेमाफोरचे काही आकडे बूटच्या वेळीच ठरतात. तेव्हा लिनक्सवर चालत्या मशीनवर बदलता येतं हे सुख समजा. @पहारेकरी, तुमच्या रीबूटच्या प्रश्नाचं उत्तरही यात आलं: नाही लागत. नवी मर्यादा पुढच्या मागणीपासून लागू. चालू क्लस्टरला धक्का नाही.

---

पहारेकरी

सर्वांचे आभार. ९७ वाली फाइल काढून टाकली. ३० वालीत आता फक्त कर्नेल.सेम = २५० ३२००० १०० ४०९६ आहे, वर १०१६ च्या हिशेबाची कॉमेंट. शेअर्ड मेमरीच्या ओळी काढल्या, तरी जुने आकडे रीबूटपर्यंत तसेच राहतात हे दिसलं, म्हणून ते हातानेच डिफॉल्टवर नेले. दुसरा क्लस्टर उठला. आयपीसीएस १२८ संच दाखवतंय, मर्यादा ४०९६.

पण एक नवंच लचांड. दुसरा क्लस्टर तासभर उत्तम चालला आणि मग अचानक कनेक्शन नाकारायला लागला. लॉगमध्ये:

फेटल: सेम-सीटीएल (…) फेल्ड: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट

आयपीसीएस बघतो तर त्या क्लस्टरचे चौसष्टच्या चौसष्ट संच गायब! पहिल्या क्लस्टरला काही झालेलं नाही. मी आयपीसीआरएमला हात लावलेला नाही.

---

चिकित्सक

दुसऱ्या क्लस्टरचा यूझर कोणता, आणि त्याचा यूआयडी (यूझरचा नंबर)?

---

पहारेकरी

वेगळा यूझर आहे, यूआयडी १००१. पहिल्याचा २६.

---

चिकित्सक

मग हे सिस्टिम-डीचं (लिनक्सवर सेवा आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम. त्यातल्या लॉगिन-डीमध्ये 'रिमूव्ह-आयपीसी' नावाचं सेटिंग आहे, मूळ डिफॉल्ट 'येस'. एखाद्या यूझरचं शेवटचं सेशन संपलं की त्याच्या नावावरचे सेमाफोर, शेअर्ड मेमरी, सगळं झाडून टाकतं. सिस्टिम यूझर यातून वगळलेले, म्हणजे सहसा १००० च्या खालचे यूआयडी. त्यामुळे २६ वाला वाचला. तुम्ही दुसऱ्या यूझरने लॉगिन होऊन काही पाहिलंत आणि बाहेर पडलात, त्याच क्षणी संच गेले असणार. त्या यूझरच्या क्रॉन जॉबनेही हेच होऊ शकतं.

उपाय दोन. लॉगिन-डी.कॉन्फमध्ये रिमूव्ह-आयपीसी=नो करून लॉगिन-डी रीस्टार्ट करा. किंवा हा यूझर सिस्टिम यूझर करा.

---

पहारेकरी

अगदी तसंच झालं होतं, लॉग बघायला त्या यूझरने शिरलो आणि एक्झिट मारलं. वेळा तंतोतंत जुळताहेत. आत्तापुरतं 'नो' करून क्लस्टर रीस्टार्ट केला, आत-बाहेर करून पाहिलं, संच जागेवर आहेत. यूआयडी पुढच्या मेंटेनन्सला बदलेन.

---

जुनंखोड

बदलाल तेव्हा क्लस्टर बंद करूनच बदला. यूझरमॉड फक्त होम डिरेक्टरीतल्या फाइलींची मालकी बदलतं. डेटा डिरेक्टरी बाहेर असेल तर तिचं आणि टेबलस्पेस असतील तर त्यांचंही चाऊन (मालकी बदलणारी कमांड) स्वतः करावं लागेल. सुरू करण्याआधी आयपीसीएसमध्ये १००१ च्या नावावर काही उरलंय का तेही बघा. नव्या यूआयडीला ते संच आपले म्हणून काढता येणार नाहीत.